आधी कापसाचा हिशेब, मग एमआरआय

वाचकाचं पत्र

डॉक्टरसाहेब, आम्ही आर्वी तालुक्यातले. सात एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय 72. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण वेचणीच्या बायांचा हिशेब आजवर त्यांनीच ठेवला, तोही तोंडी. कोणी किती किलो वेचला, कोणाला किती उचल दिली, बाजाराच्या दिवशी कोणाचे किती निघतात, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मागच्या हंगामात त्यांनी एका बाईला दोनदा पैसे दिले, दुसरीला दिलेच नाहीत. भांडण झालं. यंदा त्या हिशेबाला बसायलाच तयार नाहीत. वरणात मीठ दोनदा पडतं. एकच गोष्ट परत परत विचारतात. चालणंही मंदावलं आहे. शेत जवळच आहे, तरी वाटेत दोनदा बसतात, म्हणतात पोटऱ्या भरून येतात. पहाटे खाटेवरून उठून न्हाणीकडे जाताना दोनदा पडल्या, दुसऱ्यांदा डोक्याला टेंगूळ आलं. बीपीची गोळी आठ वर्षांपासून आहे, पण डोकं दुखलं तरच घेतात. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी मात्र रोज घेतात. तंबाखू-चुना चालू आहे. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हापासून त्या गप्प गप्प असतात. पुण्याचे दीर म्हणतात, नागपूरला नेऊन मेंदूचा एमआरआय करा. तालुक्याला एक शिबिर आलं होतं, त्यात सत्तर तपासण्यांचं पॅकेज साडेतीन हजारांत होतं. हे म्हणतात, म्हातारपण आहे, सगळ्यांचंच असं होतं. सासूबाई म्हणतात, "मले काय धाड भरली? पैसा वाया नोका घालू." आम्ही काय करावं?

— एक सून

ताई,

तुमच्या पत्रात तपासणीचा एकही कागद नाही, तरी वेचणीच्या हिशेबाबद्दल तुम्ही जे लिहिलं ते मला कुठल्याही अहवालाइतकं मोलाचं वाटतं. जी बाई आयुष्यभर दहा-पंधरा जणींची उचल आणि मजुरी तोंडी सांभाळत आली, तिचा हिशेब एका हंगामात चुकतो आणि पुढच्या हंगामात ती त्या कामापासून स्वतःच दूर होते, हा बदल खरा आहे. आपल्याकडून आता होत नाही हे त्यांना बहुधा कळलं आहे. त्यामुळे "धाड भरली" म्हणतात तेव्हा त्या रागावल्या आहेत असं धरू नका. भीती अशीच बोलते.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. वय वाढलं की नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठे ठेवला ते सुचत नाही, हे चालतं. पण रोजचं काम बिघडणं हे वयाचं लक्षण नाही. आपल्या देशातल्या साठीपुढच्या माणसांची मोठी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष 2023 मध्ये आला: स्मृतिभ्रंश असलेल्यांचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायांमध्ये आणि खेड्यांत ते जास्त आढळलं. आकडा मोठा आहेच, पण शंभरातल्या ब्याण्णव जणांना तो आजार नाही, हेही त्यातच आलं. "सगळ्यांचंच होतं" म्हणून घरी बसवून ठेवलेल्या किती तरी म्हाताऱ्यांचं कारण साधं निघतं, कधी एखादी गोळी, कधी एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता, कधी पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही तीन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत: विसरणं, पाय आणि बीपी. मला त्या एकाच दोरीत ओवलेल्या दिसतात. तुमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत. ठिबकच्या नळीत गाळ साचला की टाकीजवळच्या झाडाला पाणी मिळत राहतं, ओळीच्या टोकाचं झाड आधी सुकतं. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं, वर तंबाखू असला, की शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. मेंदूच्या आत खोलवर अगदी बारीक वाहिन्या असतात. त्या आक्रसल्या की विचार मंदावतो, हिशेब चुकतो आणि पाऊलही मंदावतं, कारण चालण्याचा ताबा मेंदूकडेच आहे. पोटरीकडे जाणारी मोठी वाहिनी अरुंद झाली की चालताना पोटरी भरून येते. म्हणून डोक्याचा डॉक्टर वेगळा, गुडघ्याचा वेगळा आणि बीपीचा वेगळा असं तीन दारी फिरवलं तर प्रत्येक जण आपापला तुकडा बघेल आणि मधला धागा कोणालाच दिसणार नाही. एकाच ठिकाणी, एकाच फिजिशियनकडे, तिन्ही गोष्टी एकत्र मांडा.

हे असंच निघेल असं मी म्हणत नाही. तपासायचं कसं, तेवढं सांगतो.

आधी डोकं

स्मरणशक्ती तपासायच्या प्रश्नावल्या असतात. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात एक वाक्य लिहायला सांगतात, एक आकृती बघून काढायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. दुसऱ्या एका चाचणीत घड्याळाचं चित्र काढायचं असतं. ज्या बाईनं हातात कधी पाटी धरली नाही, तिला घड्याळ काढायला लावणं अन्याय आहे. त्या चाचणीत ती नापास होईल, आणि त्यातून तिच्या मेंदूबद्दल काहीच कळणार नाही. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ भागात, निरक्षर ग्रामीण म्हाताऱ्यांसाठी, 1990 च्या दशकात त्या चाचणीचं हिंदी रूप तयार केलं गेलं. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "त्या शिकलेल्या नाहीत, पण हिशेब पक्का होता." चांगला डॉक्टर त्याप्रमाणे प्रश्न बदलेल.

घरी तुम्ही काय बघू शकता? निवांत वेळी, मुलं नसताना, सासूबाईंजवळ बसा. तीन साधे शब्द सांगा, एकमेकांशी संबंध नसलेले: फूल, दार, तांदूळ. त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या. मग पाच मिनिटं दुसरं बोला आणि परत विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांसाठीच्या पुस्तिकेत याच पद्धतीनं सुरुवात केलेली आहे. तारीख विचारू नका, तारखेशी त्यांचा संबंध कधी नव्हताच. त्याऐवजी आता कोणता हंगाम चालू आहे, पोळा होऊन गेला की यायचा आहे, आठवडी बाजार कोणत्या वारी असतो, हे विचारा. एका मिनिटात जितकी जनावरं सुचतील तितकी सांगायला सांगा. गाय, म्हैस, बकरी करत कुठे अडतात, एकच नाव पुन्हा पुन्हा येतं का, ते ऐका. त्यात गुण देऊ नका, निदान करू नका. जे घडलं ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. परीक्षा घेतो आहोत असं त्यांना वाटू देऊ नका, आणि चुकलं तर मुलांसमोर हसू होऊ देऊ नका. एकदा अपमान झाला की पुढे कुठलाच डॉक्टर त्यांना बोलतं करू शकणार नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमची साक्ष. डॉक्टर विचारतील, पाच-दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय बदललं? तेव्हा "विसरतात" एवढंच सांगू नका. पैसे दोनदा दिले ते सांगा, मीठ दोनदा पडतं ते सांगा. नेहमीच्या वाटेवर चुकतात का, ओळखीच्या माणसाचं नातं विसरतात का, लुगडं नीट नेसता येतं का, चूल किंवा गॅस चालू राहतो का. आणि एक बारकावा नक्की आठवून ठेवा: हे हळूहळू उतरत गेलं, की एकदम एक पायरी खाली, मग काही महिने तसंच, मग पुन्हा एक पायरी? पायरीपायरीनं उतरणं हे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतं. सलग, हळूहळू उतरणं अल्झायमरसारख्या आजाराकडे. म्हातारपणी दोन्ही एकत्रही असतात. आणि दोन-चार दिवसांत, कधी दोन-चार तासांत, माणूस एकदम बडबडायला लागला, दिवस-रात्रीचं भान गेलं, तर ते तिसरंच प्रकरण. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असतो, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी झालेलं असतं, नाहीतर एखादी गोळी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे गेला की हे मी फार बघितलं आहे. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

सासरे गेल्यापासून त्या गप्प असतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीनं ते फार महत्त्वाचं आहे. म्हातारपणीचं नैराश्य रडून दिसत नाही. जेवण कमी होतं, पहाटे लवकर जाग येते, कशात मन लागत नाही, विचारलं तर "आठवत नाही" म्हणून माणूस विषय मिटवतो. बाहेरून ते हुबेहूब विसरभोळेपणासारखं दिसतं, आणि उपचारानं बरंही होतं. डॉक्टरांना हे वेगळं सांगा. ऐकूही बघा: मागून हलक्या आवाजात हाक मारल्यावर वळतात का? ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्या डोक्यात गोष्ट शिरतच नाही, मग आठवणार कशी? त्या परत परत विचारतात, त्याचं निम्मं कारण कानातही असू शकतं. मोतीबिंदूचं तसंच.

मग पाय

यासाठी एक खुर्ची, शिंप्याची टेप आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरे. मात्र दोन पडझडी झालेल्या आहेत, म्हणून तुम्ही किंवा तुमचे यजमान अगदी बाजूला, हात धरता येईल इतक्या जवळ उभे राहा. एकटीनं करायला लावू नका.

हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. चौदा सेकंदांत जमलं तर ठीक. जास्त लागले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर मांड्यांतली ताकद उतरली आहे. नंतर ओसरीत 4 मीटर अंतर मोजा, म्हणजे सुमारे 13 फूट. नेहमीच्या चालीनं ते चालायला 5 सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर चाल मंद आहे. तिसरी चाचणी दोन्हीची मिळून: खुर्चीतून उठायचं, 3 मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका मोठा. वेळेइतकंच वळताना काय होतं ते बघा. एका झटक्यात वळतात की जागच्या जागी पाच-सहा बारीक पावलं टाकत? पाय उचलतात की घासतात? शक्य असेल तर मोबाईलवर याचा छोटा व्हिडिओ करून ठेवा. दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरला रुग्ण चालताना नीट बघायला मिळत नाही. तुमचा व्हिडिओ त्याचं बरंच काम हलकं करेल.

मंद चाल आणि विसरण्याची तक्रार दोन्ही एकत्र असलेल्या माणसांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून पायांची ही मोजणी डोक्याच्या तपासणीचाच भाग समजा.

पोटरीचा घेरही टेपनं मोजा, सर्वांत जाड भागावर. आशियातल्या बायांसाठी 33 सेंटिमीटरहून कमी म्हणजे स्नायू झिजले असण्याची शंका. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन आपोआप उतरलं असेल तर तेही सांगा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया शेवटी जेवतात, भाकर आणि पातळ वरणावर भागवतात, दात नाहीत म्हणून हरभरे-शेंगदाणे सोडतात. ताकद कुठून येणार? सर्वांच्या आधी त्यांचं ताट वाढा, वरण घट्ट करा, चालत असेल तर अंडं द्या.

पोटऱ्या भरून येण्याबद्दल एकच प्रश्न विचारा: नुसतं थांबून, उभं राहून बरं वाटतं, की बसावं किंवा वाकावंच लागतं? उभ्या उभ्या दोन-चार मिनिटांत कळ थांबत असेल तर संशय रक्तपुरवठ्याचा. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल तर कंबरेच्या मणक्यात नस दबलेली असू शकते. हे उत्तर न घेता गुडघ्याचं तेल आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवलेली माणसं मी फार पाहिली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि रक्तवाहिन्या

ही तपासणी बीपीच्या यंत्रानं सुरू होते, पण बीपी नीट मोजलं तरच. बसल्यावर पाच मिनिटं शांत, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखूही नाही. तंबाखू तोंडात असताना मोजलेलं बीपी खोटं चढं येतं. पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजून घ्या. वरच्या आकड्यात दहाहून जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. मोठ्या वाहिन्यांत अडथळा असल्याची ती खूण असू शकते. पुढेही ज्या हाताचं जास्त येतं त्याच हाताचं मोजा.

तुमच्या सासूबाईंसाठी सर्वांत गरजेची मोजणी मात्र वेगळी आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर उठताच मेंदूला रक्त कमी पडतं आहे. पहाटे खाटेवरून उठून न्हाणीकडे जाताना, ठरलेल्या वेळी, पडणारं माणूस हे याचं अगदी नेहमीचं चित्र. आणि तिथेच तुमच्या घरातली एक गोष्ट काळजीची आहे. बीपीची गोळी कधी सलग बंद, कधी डोकं दुखलं म्हणून एकदम घेतलेली, आणि रात्री वर झोपेची गोळी. बीपी बहुतेक वेळा दुखत नाही. डोकं दुखण्याशी त्या गोळीची सांगड घालून त्यांनी आठ वर्षं उपचार घेतलाही आणि घेतला नाहीही. गोळी रोज हवी. पण आजपासून एकदम रोज सुरू करण्याआधी झोपून-उभं राहून मोजलेले आकडे डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे मात्रा आणि वेळ तेच ठरवतील. तोवर पहाटे उठताना दोन मिनिटं खाटेच्या काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवा.

बीपी काबूत ठेवण्यानं डोक्याला फायदा होतो का? होतो, असं म्हणायला आधार आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. ज्यांचं बीपी जास्त काटेकोरपणे काबूत ठेवलं, त्यांच्यात विसरण्याची सुरुवातीची पायरी कमी जणांनी गाठली. मात्र उभं राहताच बीपी कोसळणाऱ्या, पडणाऱ्या माणसाला सरसकट तेच लागू करायचं नसतं. हे ठरवायला डॉक्टरचा हात लागतो.

पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांची तुलना करतात. छोट्या डॉपलर यंत्रानं होते, सुई टोचत नाही. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागल्यावर 0.9 हून कमी आलं तर पायाच्या वाहिनीत अडथळा आहे. तसं निघालं तर हृदयाची आणि मेंदूची वाहिनीही त्याच वाटेवर असते, म्हणून उपचार फक्त पायाचा राहत नाही. मधुमेह असेल तर वाहिनी इतकी कडक होते की हा आकडा खोटा चढाही येतो. नाडी तालात आहे का, हे बोट ठेवून बघायला सांगा आणि एक ईसीजी काढून घ्या. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

लकव्याचं भय आपल्या भागात कोणी हलकं घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातल्या 86 गावांत झालेल्या पाहणीत, जिचा अहवाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा निघालं: सातांतला साधारण एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच झाले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात पडला, बोबडी वळली, तर जडीबुटीवाला नाही, मालीश नाही, सकाळची वाट नाही. लगेच 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सीटी स्कॅन झाल्याशिवाय देता येत नाही. लक्षणं दहा मिनिटांत निवळली तरी जायचंच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

पॅकेज आणि एमआरआय

सत्तर तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका. त्यातल्या पन्नास तरी तुमच्या प्रश्नाशी संबंधित नसतात, आणि झोपून-उभं राहून बीपी, खुर्चीवरून उठणं, घरच्यांची साक्ष, यातलं काहीच त्यात नसतं. रक्ताच्या मोजक्या तपासण्या लागतात: हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, थायरॉइड, बी-12 आणि कोलेस्टेरॉल. बी-12 चं मुद्दाम सांगतो. सासूबाई माळकरी असतील, अंडं-मटण वर्ज्य असेल, किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेत असतील, तर ते कमी असण्याची शक्यता मोठी. त्यानं विसरणंही येतं, पायात मुंग्या आणि तोल जाणंही. इंजेक्शन स्वस्त आहे. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करत असाल तर घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे का ते आधी सांगा. आपल्या विदर्भात तो बराच आहे, आणि त्यात ती सरासरी चुकीची येऊ शकते.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्याही, सर्दीच्याही, दुखण्याच्याही. झोपेच्या गोळीनं आठवण आणि तोल दोन्ही बिघडतात. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी म्हातारं माणूस गोंधळतं. दुखण्याच्या गोळ्या बीपी चढवतात आणि किडनीला त्रास देतात. एक सावधगिरी: झोपेची गोळी रोजची असेल तर एकदम बंद करू नका, ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू सोडवावी लागते.

आता डोक्याला आलेलं टेंगूळ. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात, पडल्यानंतर काही आठवड्यांनीही, कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं. पडल्यापासून विसरणं एकदम वाढलं असेल, झोप जास्त येत असेल, डोकं दुखत राहत असेल, चालताना एका बाजूला झोक जात असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात सीटी स्कॅन करा. ते शोधायला साधा सीटी पुरतो, आणि वेळेवर सापडलं तर शस्त्रक्रियेनं माणूस पूर्ववत होऊ शकतो. विसरणं, पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालणं आणि लघवीवरचा ताबा जाणं, तिन्ही मिळून असतील तरीही स्कॅन लवकर. एमआरआयमध्ये बारीक वाहिन्यांची इजा जास्त स्पष्ट दिसते, त्यामुळे तुमच्या दिरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. फक्त तो वरच्या सगळ्यानंतर, तपासलेल्या डॉक्टरांनी सांगितलं तर. नुसती फिल्म घेऊन आलेल्या घरच्यांना मी काय सांगणार? सत्तरीतल्या बहुतेकांच्या फिल्ममध्ये काही ना काही पांढरे ठिपके दिसतातच.

कुठे जायचं

पहिली पायरी गावातच आहे. आशाताईंकडे जो फॉर्म असतो, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरतात का, असे प्रश्न आहेत. तो भरून घ्या. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून बीपी आणि साखर मोजून घ्या, झोपून-उभं राहून मोजायचा आग्रह धरा. मग वही, व्हिडिओ आणि गोळ्यांची पिशवी घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत जा. मेडिसिन, मानसोपचार, कान, डोळे सगळं एका आवारात असल्यानं सासूबाईंची फरफट कमी होईल. सकाळी लवकर निघा, सोबत डबा आणि पाणी ठेवा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. सत्तर वर्षांपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड काढून ठेवा. पाच लाखांपर्यंतचा खर्च त्यात आहे, पण तो भरती झाल्यावरचा, ओपीडीच्या तपासण्यांचा नाही.

सासूबाईंना कसं न्यायचं, हाही प्रश्न आहेच. "तुमचं डोकं तपासायचंय" म्हणालात तर त्या येणार नाहीत. त्यांच्या पोटऱ्या दुखतात, ती तक्रार त्यांची स्वतःची आहे. तिच्यासाठी चला म्हणा. ते खरंही आहे. आणि यंदाच्या वेचणीच्या हिशेबातून त्यांना पूर्ण बाजूला करू नका. तुम्ही वहीत लिहा, त्या शेजारी बसून तोंडी सांगू देत. चुकलं तर बायांसमोर न बोलता रात्री दुरुस्त करा. त्यात त्यांचा मान राहील, आणि महिन्या-महिन्याला काय बदलतं आहे हे तुम्हालाही दिसेल.

तपासणीत काही बरं होण्यासारखं सापडलं तर उत्तमच. स्मृतिभ्रंशाचंच निदान झालं, तर त्याला मुळातून घालवणारं औषध आज नाही, हे मी लपवणार नाही. काही गोळ्यांनी काही जणांना थोडा काळ मदत होते. पण बीपी, साखर, तंबाखू, ऐकू येणं, ताकद आणि एकटेपणा, यांवर काम करायला उशीर कधीच झालेला नसतो. तंबाखू एकदम तोडा म्हणून घरात भांडण लावू नका. डॉक्टरांकडून त्यांना सांगू द्या, आणि तुमच्या यजमानांचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, चालू असेल तर तो आधी सुटू द्या.

दिरांना माझा एक निरोप द्या. एमआरआयसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून त्यांनी दंडाला बांधायचं चांगलं बीपी यंत्र घेऊन पाठवावं, मनगटाचं नको. न्हाणीत आणि खाटेशेजारी धरायला लोखंडी दांडी बसवून घ्यावी, आणि सेवाग्रामला जाल त्या दिवशी सुट्टी काढून स्वतः यावं. डॉक्टरांना त्यांच्या आईबद्दल विचारायचं बरंच असेल, आणि जुन्या गोष्टी मुलालाच जास्त आठवतील.